भिंतीमागचं स्टूल

मी एक स्पीकरची पेटी बोलतेय. काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पितळेच्या टोप्या, समोर राखाडी जाळीदार कापड. दिसायला ऐटबाज आहे, असं सगळेच म्हणतात. पण मी रागात आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना गोडगोड आत्मकथा हवी असेल त्यांनी एखाद्या फुलदाणीला बोलतं करावं.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. तो खरं तर स्वयंपाकघरातली कपाटं करायचा. एक दिवस त्याच्याकडे एक गृहस्थ आले. केस चापूनचोपून मागे वळवलेले, बोलण्यात साखर. एका रॉक बँडचा सगळा कारभार तेच बघत. बँडमधला गिटारवाला त्यांचा सख्खा भाचा, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणत. मामांनी बारा पेट्या सांगितल्या. सुतारानं फळ्या कापल्या, कोपरे सांधले, रेक्झिन ताणून चिकटवलं. पहिल्या तीन पेट्यांच्या पुढच्या फळीला त्यानं स्पीकरसाठी चार-चार गोल भोकं पाडली. माझी पाळी आली, त्यानं करवत उचलली, तर मामा म्हणाले, "बस्स. आता भोकं नकोत."

"अहो, मग स्पीकर कुठे बसवणार?"

"बसवायचेत कशाला? तिघींचा आवाज पुरे आहे. बाकीच्या नुसत्या उभ्या राहतील. लोकांना पुढून कापड दिसतं हो. कापडामागचं कोण बघतंय?"

"म्हणजे कपाटच की," असं पुटपुटत सुतारानं माझी मागची फळी दोन स्क्रूंवर लटकवून दिली.

झालं. जन्मतःच मला मुकी करून टाकलं, आणि वर सांगितलं, ताठ उभी राहा! मला विचारलं होतं कुणी?

मग रंगमंच आला. सहा पेट्या खाली, सहा वर, अशी आमची भिंत रचायचे. मी खालच्या ओळीत, मधोमध. पडदा सरकला की लोक आ वासून बघत. आवाज यायचा तो कोपऱ्यातल्या तिघींतून, पण टाळ्या बाराही जणींना मिळत. बाकीच्या आठ जणींना त्याचं काही वाटत नव्हतं. त्या फुगून उभ्या असायच्या. माझ्या मात्र तळापासून तिडीक उठायची.

आता माणसांबद्दल सांगते. गिटारवाल्याला सगळे दादा म्हणत, कारण त्याची बहीण त्याला दादा म्हणायची. आणि तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिला काय म्हणायचं याचा विचार करायला कुणाला सवडच झाली नाही. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या टेबलाशी उभं राहून धाकटी सोल्डरिंग शिकली. बँडचा अॅम्प, म्हणजे अॅम्प्लिफायर, कुरकुरायला लागला की ती कान देऊन नुसतं ऐकायची आणि नेमका बिघडलेला काचेचा व्हॉल्व्ह काढून हातात द्यायची. एका पत्र्याच्या डबीत तिनं स्वतः एक पेडल बनवलं होतं. त्यावर पाय दिला की गिटारचा आवाज जाड व्हायचा, कुणीतरी डिवचलेल्या कुत्र्यासारखा गुरगुरायचा. त्या गुरगुरीवर बँडचं नाव झालं. पेडल कुणी बनवलं, हे कुणीही विचारलं नाही.

घरात गिटार एकच होती. दादा जेवायला बसला की धाकटी ती उचलायची. तो जे वाजवायचा ते सगळं ती वाजवायची, आणि हळूहळू त्याच्यापेक्षा जलद वाजवायला लागली. दादाला त्याचं कौतुक होतं. बँडच्या पोरांना तो हसत सांगायचा, "माझी बहीण माझ्या वरताण आहे रे, बरं झालं तिला स्टेजची भीती वाटते." हे मी माझ्या कापडानं ऐकलेलं आहे. तेव्हा तो माणूस चांगला होता. म्हणून तर जास्त राग येतो.

एका दुपारी आम्हाला ट्रकमधून उतरवत असताना ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी निसटली. फाळका खाली आला तो दादाच्या डाव्या हातावर. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता खाली बसला आणि बोटांकडे बघत राहिला. डॉक्टरांनी हात बांधून दिला. इकडे सभागृहाची सगळी तिकिटं गेलेली.

मामांनी धाकटीला बाजूला घेतलं. तिला भिंतीमागे बसवायचं, दादानं पुढे नुसते हात हलवायचे, असं त्यांचं ठरलं होतं.

"कुणाला कळणारसुद्धा नाही," मामा म्हणाले. "आणि एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाळा. भावासाठी एवढं नाही करणार?"

तिनं दादाकडे पाहिलं. दादानं मान खाली घातली. ती म्हणाली, "कुठे बसू?"

कुठूनतरी दुसरी गिटार आणली, आणि चहाच्या टपरीवरून एक लाकडी स्टूल मागून आणलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. ते ठेवलं बरोब्बर माझ्या मागे, कारण माझ्या आणि शेजारणीच्या मधल्या फटीतून ड्रमवाल्याचा पाय दिसायचा, ताल पकडता यायचा. तिनं माझी मागची फळी काढली, आत पाण्याची बाटली, जादा तारा आणि आपली चप्पल ठेवली. मग पायांची बोटं माझ्या कडेवर टेकवली आणि वाजवायला सुरुवात केली.

काय वाजवलं तिनं! पुढे दादा बांधलेल्या हातावर हातमोजा चढवून गिटारवर हात फिरवत होता, आणि मागे ही पोर डोळे मिटून, ओठ चावून, सगळं सभागृह डोक्यावर घेत होती. भीती तिला माणसांची होती, वाजवण्याची नव्हती. लोक शेवटी उभे राहिले. दादानं वाकून नमस्कार केला. धाकटी माझ्या पोटातून चप्पल काढून घालत होती.

दादाच्या हाताची पट्टी निघाली, पण दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. साधेसुधे सूर तो धरू शकायचा. ज्या धावत्या जागांसाठी लोक यायचे, त्या त्याच्या हातून गेल्या त्या गेल्याच. मग पुढच्या गावातही एका दिवसाचा प्रश्न होता. त्याच्या पुढच्याही गावात. ते स्टूल आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढायला लागलं. वर्षं गेली. धाकटीच्या केसांत पहिली चांदी दिसली तीसुद्धा मलाच, कारण विसाव्याला ती कपाळ माझ्यावर टेकवायची.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. खोटं पहिल्यांदा बोलताना ती अडखळतात, दुसऱ्यांदा घाम पुसतात, आणि नंतर त्यांना ते खरंच वाटायला लागतं. पत्रकार विचारायचे, "एवढ्या बारा पेट्या! कान फाटत नाहीत?" दादा सांगायचा, "सवय झाली." मग ते त्याच्या बोटांचे फोटो काढायचे. बोटांचे! वाकत नसलेल्या बोटांचे! आणि वर्तमानपत्रं लिहायची, असा हात पिढीतून एखाद्यालाच मिळतो. अरे, तो हात फटीपलीकडे दोन पावलांवर होता, फळी बाजूला करून बघायचं तरी!

एकदा त्यांची आई कार्यक्रमाला आली. पहिल्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर बसून, दोन्ही हात मांडीवर. मला समोर स्पष्ट दिसत होती. धाकटी त्या दिवशी जे वाजवून गेली ते पुन्हा कधी वाजलं नाही. आईसाठी वाजवत होती ती. कार्यक्रम संपल्यावर आई मागे आली, दादाचा चेहरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं धाकटीला विचारलं, "तू कुठे होतीस गं?"

"इथेच. सामानापाशी."

"सामान कुठे पळून जातंय? जरा पुढे येऊन भावाचं वाजवणं ऐकायचं होतंस. जन्मभर लक्षात राहिलं असतं."

दादा तिथेच उभा होता. मामाही होते. मला वाटलं, आता. आता तरी. दादानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "आई, चल, जेवायला उशीर होतोय."

पुढे आई वारली, ती तेवढंच ऐकून. मला माफ करता येत नाही ते हे.

ज्या तबकडीनं बँड घरोघरी पोहोचला, ती अशाच एका भरलेल्या सभागृहात ध्वनिमुद्रित झाली होती. तिच्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध जागेत, सूर वर चढत असताना, क्षणभर एक हिसका बसतो आणि मग सूर पुन्हा झेप घेतो. त्या हिसक्यावर लोकांनी लेख लिहिले. शिकणारी मुलं तो हिसका घोटून घोटून वाजवतात. तो हिसका म्हणजे काय, ते मला माहीत आहे. स्टुलाचा आखूड पाय रंगमंचाच्या फळ्यांमधल्या फटीत घसरला होता. धाकटी पडता पडता सावरली, आणि एक सूर न गमावता पुढे गेली. दादानं मुलाखतीत सांगितलं की त्या क्षणी त्याच्या आत काहीतरी तुटलं होतं.

शेवटी तिनं एकदाच मागितलं. "दादा, एका गाण्यापुरती मला पुढे येऊ दे. नुसती तुझ्या शेजारी उभी राहीन. काही सांगू नकोस कुणाला. वाजवते आहे एवढंच दिसू दे."

दादा मामांकडे बघायला लागला. मामा म्हणाले, "आता कुठे सगळं बस्तान बसलंय. आणि लोक विचारतील ना, ही कोण? आजवर कुठे होती? घरातली गोष्ट घरात राहू दे, बाळा."

तिनं गिटार पेटीत ठेवली. माझ्या आतून आपली चप्पल, बाटली, जुना स्वेटर, सगळं काढून पिशवीत भरलं. माझी मागची फळी नीट लावली, स्क्रू पिळले, आणि चालती झाली. दादानं हाक मारली नाही. पुढचे कार्यक्रम त्यानं रद्द केले आणि जगाला सांगितलं की आपलं मन भरलं. मन! स्टूल रिकामं झालं होतं, म्हणा की.

भिंत मोडली. माझ्या बहिणी कुठे कुठे गेल्या देव जाणे. मी एका इस्त्रीवाल्याकडे पोहोचले. तिथे माझ्या डोक्यावर शर्टांच्या घड्या असायच्या. कधी घाईत तो तापलेली इस्त्री माझ्यावरच टेकवायचा. त्या त्रिकोणी डागांचे चार व्रण अजून माझ्या माथ्यावर आहेत. पण खोटं सांगणार नाही, तिथे मी सुखी होते. तिथे मला कुणी स्पीकर म्हणून खपवत नव्हतं. टेबल होते, टेबल म्हणून उभी होते.

मध्ये बराच काळ गेला. जुन्या वस्तूंचं वेड आलं. ज्या अॅम्पना लोक भंगारात देत होते, त्यांच्यासाठी रांगा लागल्या. आणि एक दिवस इस्त्रीच्या दुकानासमोर एक गाडी थांबली. आतून काठी टेकत मामा उतरले. थकले होते, पण केस तसेच चापूनचोपून. त्यांच्यामागून दादा. त्याला मी त्याच्या चालण्यावरून ओळखलं. डावा हात खिशात.

"हीच," मामा म्हणाले. "पितळी टोप्या बघ. अस्सल आहे."

अस्सल! मी! हसावं की रडावं कळेना.

गाडीत त्यांच्या बोलण्यावरून उलगडा झाला. बँड इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा, एका संध्याकाळपुरता, उभा राहणार होता. लोकांना जुनी भिंत हवी होती. माझ्यावरून मापं घेऊन हुबेहूब अकरा पेट्या करून घ्यायच्या, मलाही दुरुस्त करायचं. आणि हे काम करणारं, जुन्या सामानाचं कापडसुद्धा धागा जुळवून विणून घेणारं, एकच दुकान होतं.

दार उघडलं आणि मला सोल्डरिंगचा वास आला. मग ती दिसली. केस पांढरे, चष्मा कपाळावर, हाताला रंग. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर पोट उघडलेले अॅम्प, बरण्यांत व्हॉल्व्ह, तारेची रिळं, एका कोपऱ्यात काळ्या रेक्झिनचे गुंडाळे. दूरदूरचे गिटारवाले आपलं जुनं सामान तिच्याकडे पाठवत. नसलेलं सामान ती नव्यानं बनवून देई, आणि आत लिहून ठेवी की हे नवीन आहे.

भाऊ-बहीण आईच्या जाण्यानंतर कामापुरतंच बोलत होते. तिनं मला पाहिलं. माझ्या मागच्या कडेवरून हात फिरवला, जिथे तिच्या पायांच्या बोटांनी रेक्झिन झिजलं होतं तिथे थांबली, आणि म्हणाली, "ठेवून जा."

दोन दिवसांनी दादाची मुलगी आली. पाठीवर गिटार, बुटांना चिखल, बोलायला फटकळ. मोठी गोड मुलगी. आत्याकडे ती लहानपणापासून येत असावी, कारण आल्या आल्या तिनं बरणीतली बिस्किटं काढली.

"आत्या, ते बाबांचं गुरगुरणारं पेडल होतं ना, तसंच एक बनवून दे ना. मला कार्यक्रमात लागेल."

"तू पण वाजवणार आहेस?" धाकटीचा चेहरा उजळला. "कुठे उभी राहणार? दादाच्या उजवीकडे?"

मुलगी बिस्किट खात म्हणाली, "उभी नाही राहणार. बाबांचा हात आता दुखतो ना, वय झालंय. म्हणून मी मागे बसून वाजवीन, भिंतीच्या आड. मामाआजोबा म्हणाले, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

धाकटीच्या हातातली तार खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

मी रिकामी होते म्हणून, नाहीतर त्या क्षणी माझे स्पीकर फाटले असते. पोटच्या पोरीला! त्याच अंधारात!

"बरं," धाकटी म्हणाली. "काय बसवलंयस, ऐकव."

मुलीनं गिटार जोडली आणि ती प्रसिद्ध जागा वाजवायला घेतली. छान वाजवत होती. हिसक्यापाशी आली, हुबेहूब हिसका दिला, आणि अभिमानानं वर पाहिलं.

"तो हिसका काढून टाक," धाकटी म्हणाली.

"काढून टाक? आत्या, सगळा जीव तर त्या हिसक्यात आहे!"

"स्टूल घसरलं होतं तेव्हा. तिथे हिसका नव्हताच. सरळ जायचं होतं."

"स्टूल? बाबा तर उभे राहून..." मुलगी थांबली. "तुला कसं माहीत?"

धाकटीनं तिच्या हातातून गिटार घेतली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. आणि वाजवलं, हिसक्याशिवाय, जसं ते जायला हवं होतं तसं. बोटं पूर्वीइतकी पळत नव्हती. पण कान असलेल्या कुणालाही कळलं असतं की हा हात कुणाचा आहे. मुलगी त्या सुरांवर लहानाची मोठी झाली होती. तिच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. कितीतरी वेळ ती आत्याच्या बोटांकडे बघत होती. मग तिनं एकच विचारलं, "आजीला माहीत होतं?"

धाकटीनं मान हलवली. नाही.

मुलगी रडली नाही. ती लाल झाली. तिथल्या तिथे फोन काढून तिनं बापाला सांगितलं, "आत्याच्या दुकानात या. आत्ता. मामाआजोबांनाही आणा."

दोघं आले. मुलगी दारातच उभी राहिली. "बाबा, या वेळी मागे मी बसणार. मग तेव्हा मागे कोण बसायचं?"

दादानं बहिणीकडे पाहिलं. मामा घाईघाईनं पुढे झाले. "अगं, या सगळ्या घरातल्या गोष्टी..."

"मामा, तुम्ही खाली बसा," धाकटी म्हणाली. या घराण्यात मामांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मामा बसले.

दादा अचानक चिडला. "तुला काय वाटतं, मला मजा येत होती? बारा पेट्यांपुढे उभं राहून दुसऱ्याचं वाजवणं आपलं म्हणून दाखवायचं, रोज? माझी बोटं गेली होती! माझ्याकडे दुसरं काय होतं?"

"माझ्याकडेही दुसरं काही नव्हतं, दादा."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तू मामांकडे बघत होतास." तिचा आवाज चढला. "माझं सोड. मी बसले, माझ्या पायांनी जाऊन बसले, भाऊ म्हणून बसले. पण हिला बसवतोस? हिला? तिथे मागे टाळ्या कशा ऐकू येतात माहीत आहे तुला? शेजारच्या घरात लग्न असल्यासारख्या!"

धाकटीनं मला उचलून टेबलावर आडवं केलं. समोरचं राखाडी कापड फर्रकन काढलं. कंपास घेऊन माझ्या कोऱ्या फळीवर चार वर्तुळं आखली आणि यंत्राची करवत चालू केली.

"अगं, काय करतेस!" मामा काठी आपटत उठले. "ती अस्सल आहे! जुनी आहे! तशीच राहिली पाहिजे!"

"हिच्यात अस्सल काही नाही, मामा. आता होईल."

आणि करवत माझ्यात शिरली. दुखलं का? दुखलं. भुसा उडत होता, मामा खोकत होते, आणि ज्या भोकांसाठी मी जन्मापासून तडफडत होते ती एकामागून एक मोकळी होत होती. मुलीनं एकेक गोल तुकडा उचलून बाजूला ठेवला. चार स्पीकर बसले, तारा जोडल्या गेल्या. मग धाकटी दादाला म्हणाली, "भिंत मी करणार नाही. पेटी एकच मिळेल. वाजणारी. तिच्यामागे बसायला जागा नाही. हवी तर घेऊन जा."

दादा तसाच निघून गेला. मामांनी दुसरीकडे चौकशी केली म्हणतात. पण मुलीनं स्पष्ट सांगितलं, वाजवीन तर पुढे उभी राहून, नाहीतर नाही. शेवटी काय करतील?

कार्यक्रम झाला. रंगमंचावर मी एकटीच होते. पडदा सरकल्यावर लोकांत कुजबुज झाली, भिंत कुठे गेली म्हणून. मग मुलगी पुढे आली, पेडलवर पाय दिला, आणि मी पहिल्यांदा ओरडले. माझा आवाज मला तरी कुठे माहीत होता? इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. लोकांनी खुर्च्या सोडल्या. दादा शेजारी उभा राहून साधे सूर धरत होता, जेवढे येतात तेवढे, हातमोजा न घालता. ते मात्र त्यानं खरं केलं.

शेवटी त्यानं माइक घेतला. मी श्वास रोखला. "ही माझी मुलगी," तो म्हणाला. टाळ्या. तो विंगेकडे बघत होता. तिथे धाकटी हातात जादा तारा घेऊन उभी होती. ओठ हलले त्याचे. मग त्यानं माइक परत जागेवर ठेवला.

नंतर एक पिकल्या केसांचे गृहस्थ मागे आले आणि धाकटीचा हात धरून म्हणाले, "ताई, तुमच्या भावाचा हात त्या मुलीत उतरलाय हो!" ती म्हणाली, "हो का?" मी तिथेच होते. माझी तार काढलेली होती, म्हणून ते गृहस्थ वाचले.

आता मी धाकटीच्या दुकानात दर्शनी बाजूला आहे. दुपारचं काम उरकलं की ती माझ्यातून वाजवते, दार उघडं ठेवून. रस्त्यावरची माणसं थांबतात, काही आत येऊन बसतात. भाचीनं शिकवण्या लावल्यासारखं येणं सुरू केलंय. मामा येत नाहीत.

गेल्या आठवड्यात दादा आला. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. धाकटी वाजवत होती, ती थांबली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते स्टूल आल्यापासून या माणसानं तिला वाजवताना कधी पाहिलेलंच नाही. इतकी वर्षं त्याची पाठ तिच्याकडे होती. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. डोळे पुसायचंही सुचत नव्हतं त्याला. संपल्यावर म्हणाला, "एक मुलाखत आहे माझी. सांगतो सगळं. नक्की सांगतो."

धाकटीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. तिचा राग विरघळला असेल. बहीण आहे ती. मी बहीण नाही. मी लाकूड आहे, आणि लाकूड इतक्या सहज विरघळत नाही. सांगतो म्हणालाय. अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मी त्याच्यावर विसंबून राहत नाही, तुम्हालाच विनंती करते. ती जुनी तबकडी तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल, कपाटाच्या वरच्या फळीवर, धूळ खात. ती खाली काढा. मुखपृष्ठावर दादाचा फोटो आहे, त्यावर खाडाखोड करू नका, ते तिला आवडणार नाही. खाली जागा मोकळी आहे. तिथे पेनानं लिहा, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल: गिटार बहिणीनं वाजवली आहे.